नातवाला सारखी सर्दी होते. प्रतिकारशक्ती असते तरी कुठे?

पत्र

माझा नातू चार वर्षांचा आहे. जूनमध्ये बालवाडीत जायला लागला आणि तेव्हापासून दर तीन-चार आठवड्यांनी सर्दी, खोकला, कणकण चालूच आहे. मधल्या दिवसांत अगदी बरा असतो, खेळतो, जेवतो. माझं म्हणणं, त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे. सून म्हणते, या वयात असं होतंच असं डॉक्टर म्हणाले. शेजारच्यांनी गुळवेलीचा काढा आणि दर पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशन सुचवलं आहे. मेडिकलवाल्याने 'इम्युनिटी'चं सिरप दिलं, ते घरात वाद झाल्यामुळे अजून उघडलेलं नाही. आमच्या लहानपणी मुलं इतकी आजारी पडत नव्हती. मला मधुमेह आहे आणि त्याची सर्दी झाली की पाठोपाठ मलाही होते. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, त्यामुळे मला नुसतं 'काळजी करू नका' नको आहे. ही प्रतिकारशक्ती शरीरात असते कुठे आणि काम कसं करते, ते नीट समजावून सांगा.
– एक आजी, सांगली जिल्हा

उत्तर

नमस्कार बाई,

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. तुम्ही लिहिलंय त्यावरून नातवाची प्रतिकारशक्ती कमी आहे असं मला वाटत नाही. सिरपची बाटली बंदच राहू द्या. सूनबाईंना डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबर आहे. त्यांनी फक्त 'का' ते सांगितलं नसावं; ओपीडीत बाहेर वीस पोरं रडत असताना तेवढी उसंत मिळत नाही.

आता तुमचा प्रश्न. ती असते कुठे? एका जागी नाही, म्हणून तर ती दाखवता येत नाही. कातडी हा तिचा पहिला भाग. नाकातला शेंबूड आणि त्याला सतत घशाकडे ढकलणारे बारीक केस, डोळ्यांतलं पाणी, तोंडातली लाळ, जठरातलं आम्ल हे सगळे तिचेच भाग. आसवांत आणि लाळेत लायसोझाइम नावाचं द्रव्य असतं, ते कित्येक जिवाणूंचं कवच फोडतं. पुढे पेनिसिलीन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीच ते आधी शोधलं होतं. हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत पांढऱ्या पेशी जन्मतात, रोज अब्जावधी. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. ती लहानपणी चांगली मोठी असते आणि वयात आल्यावर आक्रसत जाते. शिवाय पाणथरी, टॉन्सिल, आतड्याचं अस्तर, आणि मानेत, काखेत, जांघेत विखुरलेल्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड). पायाला ठेच लागून ती चिघळली की जांघेत अवधाण येतं ना? ती सुजलेली गाठ म्हणजे प्रतिकारशक्ती काम करताना हाताला लागते.

काम कसं चालतं हे पाहायला नातवाची एक सर्दीच घेऊ.

बालवाडीत शेजारचा मुलगा शिंकला. त्याच्या हाताचे विषाणू खेळण्यावर, तिथून तुमच्या नातवाच्या बोटावर आणि बोट नाकात. समजा तो ऱ्हायनोव्हायरस आहे, सर्दीचा सगळ्यात नेहमीचा विषाणू. शेंबडाच्या थरातून जे निसटले ते नाकाच्या अस्तरातल्या पेशींत शिरले आणि स्वतःच्या प्रती काढू लागले. पेशीला हे कळतं. विषाणूचा जनुकीय माल आपल्या मालापेक्षा वेगळा दिसतो आणि तो ओळखणारी द्रव्यं पेशीच्या आतच असतात. मग ती पेशी इंटरफेरॉन सोडते. तिला स्वतःला त्याचा फारसा उपयोग नसतो, पण आजूबाजूच्या पेशी सावध होतात आणि विषाणूला आपल्यात वाढू देत नाहीत. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान या दोघांनी हे द्रव्य शोधलं. 

अजून घरात कुणाला काही कळलेलं नाही. दिवसा-दोन दिवसांनी नाक गळायला लागतं. ऱ्हायनोव्हायरस नाकाच्या अस्तराची फार नासधूस करत नाही. तिथल्या रक्तवाहिन्या फुगतात, पाझरतात, म्हणून नाक चोंदतं आणि वाहतं, आणि हे सगळं शरीर स्वतः घडवून आणतं. तापाचंही तेच. पांढऱ्या पेशींनी सोडलेली द्रव्यं मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या भागाला निरोप देतात आणि मेंदू तापमानाची पातळी वर नेतो. म्हणून ताप चढताना अंग गरम असूनही मूल कुडकुडतं. वाढलेल्या तापमानात बऱ्याच विषाणूंची वाढ मंदावते. तेव्हा ९९ किंवा १०० दिसलं की लगेच औषध पाजायला धावू नका. मूल मलूल असेल, अंग दुखत असेल, तर वजनाच्या हिशेबाने डॉक्टरांनी ठरवून दिलेलं पॅरासिटामॉल द्यावं. ते त्याला बरं वाटावं म्हणून. आकडा खाली आणायचा म्हणून नव्हे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट, पिवळा-हिरवा होतो आणि घरात चर्चा सुरू होते, 'आता अँटिबायोटिक लागणार'. तो हिरवेपणा बहुतेक वेळा न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा असतो. त्यांच्यात लोह असलेलं एक विकर (एन्झाइम) असतं, त्याचाच रंग हिरवा. या पेशी धावत येतात, समोर दिसेल ते गिळतात आणि थोड्याच काळात मरतात. नुसत्या रंगावरून जिवाणूंचा संसर्ग झाला असं म्हणता येत नाही आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. 

गिळणाऱ्या पेशींची गोष्ट निघालीच आहे तर एक सांगतो, तुमच्यातल्या शिक्षिकेला आवडेल. १८८२ साली इटलीतल्या मेसिना या गावी इल्या मेचनिकॉव्ह हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांवर काम करत होते. त्यांनी पिल्लाच्या अंगात एक बारीक काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. शरीराच्या पेशी परक्या वस्तूवर चालून जातात, ही कल्पना तिथून पक्की झाली. १९०८ साली त्यांना पाउल एअरलिख यांच्याबरोबर नोबेल मिळालं. तारामाशाकडेही असते अशी ही जुनी, जन्मजात व्यवस्था आहे. ती तासाभरात कामाला लागते, पण तिला हा विषाणू आणि तो विषाणू यांतला बारीक फरक कळत नाही.

तो कळणारी दुसरी व्यवस्था आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

नाकाच्या अस्तरात डेंड्रायटिक पेशी असतात, फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या. त्या विषाणूचे तुकडे उचलतात आणि लसिकेतून मानेतल्या ग्रंथींकडे नेतात. सर्दीत मुलाच्या मानेला हात लावला की वाटाण्याएवढ्या गाठी लागतात त्या याच. (या पेशी १९७३ साली राल्फ स्टाइनमन यांनी ओळखल्या. २०११ चं नोबेल त्यांना जाहीर झालं तेव्हा त्यांचं निधन होऊन तीन दिवस झाले होते, हे समितीला माहीतच नव्हतं. मरणोत्तर नोबेल देत नाहीत, तरी ते कायम ठेवलं गेलं.) ग्रंथीत टी आणि बी जातीच्या असंख्य पांढऱ्या पेशी थांबलेल्या असतात. यातली प्रत्येक पेशी एकच आकार ओळखते. एखादीला गोवराच्या विषाणूचा तुकडा ओळखता येतो, दुसरीला धनुर्वाताच्या विषाचा, तिसरीला कुणालाच कधी न झालेल्या रोगाचा.

हे आकार येतात कुठून? बी पेशी आपल्या आकाराची जी प्रथिनं सोडतात त्यांना प्रतिपिंडं (अँटिबॉडी) म्हणतात. माणसात जनुकं जेमतेम वीस हजार आणि प्रतिपिंडांचे प्रकार तर कोट्यवधी. हे गणित बरीच वर्षं सुटत नव्हतं. सुसुमु तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञाने दाखवलं की बी पेशी तयार होताना आपल्या जनुकांचे तुकडे कापून, उलटसुलट जोडून दरवेळी नवा साचा बनवते. १९८७ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. म्हणजे शत्रू कोण येणार हे माहीत नसताना शरीर आंधळेपणाने सगळे आकार बनवून ठेवतं. माझ्या मते जीवशास्त्रातली ही सगळ्यात धाडसी युक्ती आहे.

आता डेंड्रायटिक पेशीने आणलेल्या तुकड्याशी जुळणारी पेशी शोधायची. नव्या विषाणूसाठी अशा जुळणाऱ्या पेशी फार थोड्या असतात. त्या सापडल्या की भराभर वाढायला लागतात आणि एकीच्या हजारो होतात. काही टी पेशी नाकात जाऊन विषाणू शिरलेल्या पेशी मारतात, काही बी पेशींना मदत करतात, आणि बी पेशी प्रतिपिंडं ओततात. विषाणूला चिकटून त्याला पेशीत शिरू न देणं हे या प्रतिपिंडांचं काम. या साऱ्याला जवळपास आठवडा लागतो. सर्दी औषध घेतल्यावर आठवड्यात आणि न घेतल्यावर सात दिवसांत बरी होते, ते यामुळे. काम संपलं की यातल्या बहुतेक पेशी मरतात. थोड्या मागे राहतात, कधी वर्षानुवर्षं. हाच विषाणू पुन्हा आला तर त्या दोन-तीन दिवसांत तयार होतात आणि मुलाला काही झालं होतं हे कुणाला कळतही नाही.

ही आठवण किती टिकते याचा एक उत्तम पुरावा फॅरो बेटांवर मिळाला. तिथे १७८१ साली गोवर आला होता, नंतर थेट १८४६ मध्ये. त्या वर्षी सुमारे ७,८०० लोकांपैकी ६,००० च्या आसपास आजारी पडले. डेन्मार्क सरकारने पाठवलेल्या पीटर पानुम या तरुण डॉक्टरने घरोघर फिरून नोंदी केल्या. १७८१ मध्ये गोवर होऊन गेलेले जे म्हातारे हयात होते, त्यांतल्या एकालाही तो पुन्हा झाला नव्हता. मध्ये ६५ वर्षं गेली होती. तुमच्याही दंडावर देवीच्या लसीचा व्रण असेल. देवी जगातून गेल्याचं १९८० साली जाहीर झालं, पण तुमच्या शरीरात त्या लसीची आठवण अजून शिल्लक असण्याची चांगली शक्यता आहे.

मग सर्दीच पुन्हा पुन्हा का? कारण ती तीच सर्दी नसते. गोवराचा विषाणू गेल्या शतकापासून प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने एकच राहिला आहे. ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत, आणि एकाची ओळख दुसऱ्याला फारशी लागू पडत नाही. त्यात आरएसव्ही, अ‍ॅडिनोव्हायरस, फ्लू, सर्दीचे जुने करोनाव्हायरस अशी आणखी मंडळी. तुमच्या नातवाने पहिली तीन-चार वर्षं घरात मोठ्या माणसांत काढली आणि जूनमध्ये एकदम वीस-पंचवीस घरांचे विषाणू त्याला भेटले. निरोगी लहान मुलाला वर्षाला सहा ते आठ सर्द्या होणं सर्वसाधारण आहे, आणि शाळेच्या पहिल्या वर्षी त्याहून जास्तही होतात. प्रत्येक सर्दीचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळला, की पावसाळ्यात मूल सदानकदा आजारी आहे असं वाटतं. तो अभ्यासक्रम कुणालाच चुकत नाही, बाई. कुणी पाळणाघरात लवकर सुरू करतो, कुणी पहिलीत.

तुमच्या लहानपणी मुलं आजारी पडत नव्हती, हे मात्र मान्य करता येत नाही. एकत्र कुटुंबात चुलतभावंडांकडून या सर्द्या रांगायच्या वयातच होऊन जात, त्यामुळे शाळेत जाताना त्या दिसत नसत. आणि दुसरी बाजू: १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ पहिला वाढदिवस पाहत नव्हती. २०२३ मध्ये हा आकडा २५ होता. आपल्याला आठवतात ती जगलेली मुलं.

आता 'प्रतिकारशक्ती वाढवण्या'बद्दल. बाजारात सगळा भर यावरच आहे आणि माझा राग यावरच. जास्त म्हणजे चांगली, असं इथे नसतं. थायमसमध्ये टी पेशी तयार होताना बहुसंख्य पेशी तिथेच मारल्या जातात आणि त्यात स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या पेशीही असतात. तरी काही निसटतात, आणि त्यांना आवर घालायला वेगळ्या नियंत्रक टी पेशी असतात. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल याच शोधासाठी मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. हा आवर सुटला की लहान मुलांचा मधुमेह, ऱ्हुमॅटॉइड संधिवात असे आजार होतात. दमा आणि अ‍ॅलर्जी हीसुद्धा नको तिथे दाखवलेली प्रतिकारशक्तीच. कोविड आठवा: २०२० च्या जूनमध्ये गंभीर रुग्णांचे मृत्यू कमी करणारं म्हणून जे पहिलं औषध सिद्ध झालं, ते डेक्सामेथासोन. ते स्टिरॉइड आहे, प्रतिकारशक्तीला लगाम घालणारं. आणि त्याच काळात आपण सगळे काढे उकळत होतो!

गुळवेलीबद्दल स्पष्ट सांगतो, देऊ नका. कोविडच्या काळात ती रोज घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने ते निष्कर्ष अमान्य केले, तो वाद आपल्याला सोडवायचा नाही. पण निरोगी चार वर्षांच्या मुलाला ही जोखीम कशासाठी? सुवर्णप्राशनाने सर्दी कमी होते हे मोठ्या, नीट केलेल्या चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही. हळदीचं दूध आवडत असेल तर खुशाल द्या. झोपताना चमचाभर मध खोकल्याला बरा पडतो. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध कधीच नाही. खोकल्याची औषधं दुकानातून आणू नका. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला विषारी द्रव्य मिसळलेलं खोकल्याचं सिरप पिऊन मुलं दगावली, ते तुम्ही वाचलं असेल. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना ही औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालच्यांना शक्यतो देऊ नयेत.

खरोखर उपयोगाचं ते साधं आहे. उणीव असेल तर ती भरून काढायची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. तेव्हा हिमोग्लोबिन एकदा तपासा, आणि कमी असेल तर लोहाचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने द्या. त्या 'इम्युनिटी'च्या बाटलीपेक्षा त्याचा उपयोग जास्त. डाळ, अंडं, फळं, पुरेशी झोप. घरात कुणी सिगारेट ओढत असेल किंवा चुलीचा धूर असेल, तर नाकातले ते बारीक केस काम करेनासे होतात; धूर थांबवणं हा तुमच्या हातातला मोठा उपाय. आणि लसी. गोवराच्या लसीचं तर दुहेरी मोल आहे: गोवर झाला की आधी कमावलेली आठवण पुसली जाते. लस न घेतलेल्या मुलांवरच्या २०१९ च्या अभ्यासात गोवरानंतर ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झालेली आढळली. नातवाचं कार्ड काढून पाहा. गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस झालेले असायला हवेत, आणि पाच वर्षं पूर्ण झाली की डीपीटीचा बूस्टर राहतोच, बरेच जण तो विसरतात.

प्रतिकारशक्ती जन्मतः खरंच अधू असलेली मुलं असतात, थोडी पण असतात. ती अशी मधल्या दिवसांत हुंदडत नाहीत. वर्षात दोनदा न्यूमोनिया, चार किंवा जास्त वेळा कान फुटणं, वजन न वाढणं, पुन्हा पुन्हा खोलवर गळू होणं, एक वर्षाचं झाल्यावरही तोंडात पांढरी बुरशी टिकून राहणं, दोन-दोन महिने अँटिबायोटिक घेऊनही गुण न येणं, सलाइनमधून औषध दिल्याशिवाय संसर्ग बरा न होणं, किंवा घराण्यात असा आजार वा लहानपणी झालेले मृत्यू: यातलं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांना तसं सांगून तपासणी करून घ्या. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, तिथे या आजारांचं निदान होतं. लॅबवाले विकतात त्या 'इम्युनिटी पॅकेज'ची गरज नाही.

लगेच दवाखाना गाठायचा तो श्वास जोरात चालला, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, मूल पाणी पिईना, लघवी कमी झाली, सुस्तावलं किंवा ताप तीन दिवसांपुढे गेला तर. एरवी घरी ठेवा, पातळ पदार्थ द्या, ताप उतरून चोवीस तास झाले की शाळेत पाठवा. नुसत्या वाहत्या नाकासाठी शाळा बुडवली तर वर्ष घरातच जाईल.

राहता राहिल्या तुम्ही. पत्रात शेवटी ओझरतं लिहिलंत, पण मला काळजी तुमची जास्त वाटते. थायमस आक्रसल्यामुळे वयाबरोबर नव्या टी पेशी कमी होतात, नव्या विषाणूला तोंड देणं जड जातं, आणि साखर चढलेली असली की न्यूट्रोफिलही मंदावतात. नातवाची सर्दी त्याला आठवड्याचा त्रास देईल. तोच विषाणू फ्लूचा असला तर तुम्हाला रुग्णालय दाखवू शकतो. फ्लूची लस दरवर्षी घ्या. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जिवाणूवरच्या लसीबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि गेल्या तीन महिन्यांची साखर पाहिली नसेल तर पाहून घ्या. फ्लूची लस सरकारी बालवेळापत्रकात नाही, पण बालरोगतज्ज्ञ पाच वर्षांपर्यंत ती सुचवतात. तेव्हा दोघांनी एकाच फेरीत उरकून टाका. दंड पुढे करायचा पहिला मान मात्र तुमचा, म्हणजे तो रडायचा जरा कमी.